बंगळूरला बदली, दोन मुलं, नवी शाळा आणि रोज भरलेलीच परत येणारी बाटली

गोदाकाठ | ६ जुलै २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमात (नुसती वाचत) असते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. रविवारची रात्र आहे आणि मोठ्याचं पोट दुखतंय. सलग तिसरा रविवार. बरोबर साडेनऊला दुखायला लागतं आणि सोमवारी शाळेची बस निघून गेली की दहा मिनिटांत थांबतं. ओवा दिला, हिंगाचं पाणी बेंबीला लावलं, पण हे दुखणं पोटातलं नाही हे मलाही कळतंय आणि त्यालाही.

आम्ही नाशिकचे. बदली माझी झाली (हो, माझी). नवरा सातपूरला कारखान्यात आहे, त्याचं इकडे काही जुळेपर्यंत दर पंधरा दिवसांनी येतो. जूनच्या मध्यावर आलो. इथल्या शाळेने मे अखेरीलाच वर्ग सुरू केले होते. म्हणजे आमची मुलं पोचली तेव्हा वर्गात जोड्या जमून, बाकं ठरून झालेली. सासूबाई तीन आठवडे सोबत होत्या, परवा परत गेल्या.

मोठा साडेसात वर्षांचा, दुसरीत. नाशिकला मराठी माध्यम, सेमी इंग्रजी. परिपाठाला सुविचार वाचायला बाई त्यालाच उठवायच्या. इथे सगळं इंग्रजीत, वर कन्नड आणि हिंदी. गुरुवारी जेवताना म्हणाला, "आई, मी इथे ढ आहे." रडला वगैरे नाही. आज भेंडी आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं आणि पुढचा घास घेतला. माझाच घास अडकला.

धाकटी ऑक्टोबर २०२० ची. नाशिकला असती तर या वर्षी सिनिअर केजीत. इथे १ जूनला पाच पूर्ण नव्हती म्हणून एलकेजीत घातली, म्हणजे झालेलंच वर्ष पुन्हा. "मी मोठ्या गटात जाणार होते ना?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिचं दप्तर उघडलं की रोज तेच. पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली, झाकणाला बोटांचे चिकट ठसे, डबा अर्धा. घरी आली की उभ्याउभ्या दोन पेले पाणी पिते. टीचरना विचारलं तर म्हणतात, काही त्रास नाही, अगदी शांत मुलगी आहे. आमची आणि शांत! शिवाय एक विचित्र प्रकार. आठवड्यात तीनदा म्हणाली, "त्या मावशी मला सारखा कुत्रा दाखवतात." कुत्र्याला ती घाबरते. शाळेत फोन केला, कुत्रा नाही म्हणाले. दाराशी प्राण्यांचा तक्ता आहे, त्यातला कुत्रा बोट धरून दाखवतात म्हणे. घाबरवून गप्प बसवतात की काय? रात्री झोपेत "नाय, नाय" करत उठते. अंथरूणही दोनदा ओलं झालं. ते दोन वर्षांपूर्वी सुटलं होतं.

माझं ऑफिस नऊ ते सहा, आठवड्यातून एकच दिवस घरून. मुलांची बस ७:५० ला, शाळा तीनला सुटते, तिथून पाळणाघर, मी साडेसहाला पोचते. नवीन जागा, रजा मागायला तोंड नाही. यातून गेलेल्या कुणी काय केलं ते सांगा. "मुलं लवकर रुळतात" एवढं सोडून काहीही चालेल, ते मी रोज चार जणांकडून ऐकते.

---

चिंचगूळ | ७ जुलै, ००:१२

आधी झोप बघू तू. आम्ही नऊ वर्षं इथे आहोत, दोन्ही मुलं इथेच शाळेत. बाकी उद्या लिहीन, एकच विचारते. बाटली नवी आहे का? आणि ती तिची तिला उघडता येते का?

---

गोदाकाठ | ७ जुलै, ००:१९

नवी आहे. बटण दाबलं की झाकण उडतं तसली, इथे आल्यावर तिनेच गुलाबी बघून घेतली. घरी आजी उघडून द्यायच्या नाहीतर मी. अरे देवा. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन बघितलं, बटण मलाच अंगठ्याने जोर लावून दाबावं लागतंय.

---

चिंचगूळ | ७ जुलै, ००:२३

उद्या जुनी दे. नाशिकहून आणली असशील ना? फिरकीच्या झाकणाची. कितीही कळकट असो.

---

सीमेवरचा | ७ जुलै, सकाळी ७:०५

मी बेळगावचा, घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत दोन्ही (सीमाप्रश्न इथे कुणी काढू नका, चहा व्हायचाय अजून). कुत्र्याचं वाचून शंका आली. तुमची मुलगी "नाही"ला काय म्हणते? "नाही", "नाई" की "नाय"?

---

गोदाकाठ | ७ जुलै, सकाळी ८:१०

बसस्टॉपवरून लिहिते आहे. "नाय" म्हणते. सासूबाई सिन्नरकडच्या, दोन वर्षं तिला त्यांनीच सांभाळलं, तिची बोली अख्खी आजीची आहे. का हो?

---

सीमेवरचा | ७ जुलै, सकाळी ८:३१

झालं तर मग. कन्नडात "नायि" म्हणजे कुत्रा.

तुमची लेक बाटली पुढे करून "नाय, नाय उघडत" म्हणत असणार. मावशींना ऐकू येतंय की पोरीला कुत्रा हवाय. त्या बिचाऱ्या प्रेमाने उचलून तक्त्यापाशी नेतात आणि कुत्रा दाखवतात. घाबरवत नाहीयेत हो, लाड करताहेत.

---

उंबराचं_फूल | ७ जुलै, सकाळी ९:०२

ऑफिसात वाचून मोठ्यांदा हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं. चिमणीने तीन आठवडे पाणी मागितलं आणि तिला कुत्रा मिळाला.

---

गोदाकाठ | ७ जुलै, सकाळी ९:२०

मी ऑफिसच्या जिन्यात उभी आहे आणि मला कळत नाहीये की रडू की हसू. त्या मावशींबद्दल मी मनात काय काय बोलले होते.

---

सीमेवरचा | ७ जुलै, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत आणखी काही. ही फसव्या शब्दांची यादी घरात सगळ्यांनाच माहीत असलेली बरी. "हालु" म्हणजे दूध, आपण "हळू" म्हटलं की इथे कुणी दूध शोधेल. "कोळि" म्हणजे कोंबडी, जाळं विणणारा नाही. "तायि" म्हणजे आई. त्यामुळे मुलीने वर्गातल्या मोठ्या मुलीला ताई म्हटलं तर ती गोंधळेल, अक्का म्हणायचं. "मने" म्हणजे घर. "हळ्ळि" म्हणजे गाव.

लेकीला शब्द सहाच द्या, जास्त नकोत. नीरु (पाणी), ऊट (जेवण), बेकु (हवं), बेड (नको), साकु (पुरे), आणि बा (ये). "बेकु"वर जोर देऊ नका, "बेक्कु" झालं की मांजर होतं. म्हणजे पुन्हा तक्ता. शूला जायचं कसं सांगायचं ते मात्र टीचरना विचारून त्यांचाच शब्द शिकवा, प्रत्येक शाळेचा वेगळा असतो.

आजीला अज्जि, मामाला मामा, आत्याला अत्ते. हे ऐकून मुलांना बरं वाटतं, करून बघा.

---

पाटीपेन्सिल | ७ जुलै, दुपारी ३:४०

मी ३१ वर्षं बालवाडीत होते, आता निवृत्त. आमच्याकडे दर जूनमध्ये दोनतीन मुलं अशी यायची, ऊसतोडीहून आलेली, बंजारा तांड्यावरची, एकदा तर एक तेलुगू बोलणारी मुलगी. त्यामुळे थोडं लांबण लावते, राग नसावा.

नवीन भाषेत पडलेलं लहान मूल बरेचदा काही आठवडे, कधी काही महिनेही बोलत नाही. त्याचं ऐकणं चालू असतं. पाहुण्या घरी आपण कुठे काय ठेवलंय ते आधी बघतो आणि मगच स्वयंपाकघरात शिरतो, तसं. या काळात "बोल ना, मिसला गुड मॉर्निंग म्हण ना" असं मागे लागलं की ते आणखी मिटतं. घरी बोलत असेल, खेळत असेल, भांडत असेल तर घाबरू नका. घरीही बोलणं बंद झालं तर मात्र डॉक्टरांना दाखवा. अंथरूण ओलं होणं घर बदलल्यावर पुष्कळ मुलांत दिसतं. त्यावर बोलू नका, चादर बदला आणि झोपा. पोटदुखीचं मात्र एकदा तपासून घ्या. मन कळलं म्हणून पोटाकडे दुर्लक्ष नको.

सकाळी निघताना नजर चुकवून सटकू नका. रडली तरी सांगून निघा. आणि "साडेसहाला येते" हे चार वर्षांच्या मुलीला कळत नाही. "शाळा, मग बस, मग पाळणाघरात भात, मग झोप, मग खाऊ, मग आई" असं सांगा. रोज तेच, त्याच क्रमाने, आणि त्यातला एकही मणी हलू देऊ नका. उशीर होणार असेल तर पाळणाघरात फोन करून तिच्याशी बोला.

संध्याकाळी "आज काय शिकवलं?" विचारू नका, मोठ्यालासुद्धा. त्याऐवजी तुमचंच काहीतरी सांगा. "आज मला लिफ्टमध्ये एक बाई काहीतरी बोलल्या, मला कळलंच नाही, मी नुसती मान हलवली." मुलांना कळू दे की तुम्हालाही येत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. मला नेहमी वाटतं की मूल शाळेत रमत नसेल तर शाळेचा एखादा तुकडा घरात आणावा. वर्गातलं एखादं गाणं, तोच तक्ता, तीच एखादी मैत्रीण.

---

स्पष्टवक्ता | ७ जुलै, सायंकाळी ६:५५

सगळे गोड बोलताहेत म्हणून मी कडू बोलतो. दोन लहान मुलं, बाप हजार किलोमीटरवर, आई सकाळी आठ ते साडेसहा बाहेर. मुलं बिथरणार नाहीत तर काय? बदली नाकारता येत होती. पैसा नंतरही कमावता येतो.

---

उंबराचं_फूल | ७ जुलै, सायंकाळी ७:१०

आलेच. मी वाटच बघत होते, धाग्यावर अजून कुणी कसं नाही म्हणून.

---

गोदाकाठ | ७ जुलै, रात्री १०:३०

स्पष्टवक्ता, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पुन्हा सांगणार नाही. घराचं कर्ज माझ्या पगारावर आहे. नवऱ्याच्या कारखान्यात वर्षभर कामाचे तास कमी केले होते. बदली नाकारली असती तर नोकरी गेली असती. आणि तसं नसतं तरी मी कदाचित आलेच असते. मला हे काम आवडतं. बाप बिहारला बदलून गेला असता आणि मुलं आईबरोबर नाशिकला राहिली असती, तर हा प्रश्न तुम्ही त्याला विचारला असता का?

बाकी सगळ्यांना: आज जुनी बाटली दिली. रिकामी परत आली.

---

स्पष्टवक्ता | ७ जुलै, रात्री ११:०२

विचारला नसता, हे खरं. बाटलीचं वाचून बरं वाटलं.

---

बदलीवाला | ८ जुलै, सकाळी ६:२०

केंद्र सरकारी नोकरी, चार राज्यं, दोन मुलगे. भावनेचं वर झालंय, मी कागदांचं सांगतो, कारण त्यातच आईबापाचा जीव जातो आणि मग चिडचिड मुलांवर निघते.

मोठ्याचा दाखला (टीसी) मिळाला असेलच, पण तेवढ्याने भागत नाही. यूडायस पोर्टलवर (शाळा आणि मुलांची सरकारी नोंद) मुलाचा ११ अंकी पेन, म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक असतो. जुन्या शाळेने त्याला तिथून ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) सोडल्याशिवाय नवी शाळा त्याला ओढून घेऊ शकत नाही. आमच्या धाकट्याचं नाव आठ महिने दोन राज्यांच्या मधे लोंबकळत होतं. नाशिकच्या शाळेत फोन करून लेखनिकांना गोड बोलून आजच करून घ्या.

वयाचं म्हणाल तर घोळ असा. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात, कर्नाटकात १ जूनला, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. जून ते डिसेंबर जन्मलेलं प्रत्येक मूल तिकडून इकडे आलं की असं अडकतं. त्यात तुमची वा तिची चूक नाही. उलट एक सल्ला, शाळेशी भांडून वरच्या वर्गात ढकलायला जाऊ नका. भाषा नवी असताना वयाने वर्गात थोडी मोठी असणं हा फायदाच आहे. आमच्या थोरल्याला आम्ही भांडून ढकलला होता. चौथीपर्यंत फेडत होतो.

कन्नडमधून सूट मागायच्याही भानगडीत पडू नका. २०१५ च्या कायद्याने इथल्या शाळांत कन्नड शिकवणं आहेच, जसं आपल्याकडे २०२० च्या कायद्याने मराठी. मुलगा दुसरीत आहे, याहून चांगलं वय मिळणार नाही.

---

टेबलाखालची_डबी | ८ जुलै, सकाळी ११:४५

एचआरमध्ये काम करते म्हणून सांगते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. बरीच ऑफिसं स्वतः न काढता जवळच्या पाळणाघराशी करार करतात आणि कुणाला सांगत नाहीत. विचारून तर बघ. कोणत्या वयापर्यंत घेतात तेही विचार.

आणि रजा मागू नकोस, वेळ माग. "दोन आठवडे पावणेदहाला येईन, पावणेसातला निघेन" असं तारखा घालून ईमेलवर माग. साहेबांना रजेपेक्षा तारीख आवडते.

---

केळीचं_पान | ८ जुलै, रात्री १०:५०

मी ती मुलगी आहे. म्हणजे होते. बाबा बँकेत, जळगावहून बडोद्याला बदली, मी सहा वर्षांची. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या "बेसी जा" आणि मी उभीच. सगळे बसले, मी उभी. मला वाटलं, माझं काही चुकलंय म्हणून शिक्षा केली आहे. मग मी चार महिने वर्गात बोलले नाही. आई रोज विचारायची "कुणी मारलं का, कुणी चिडवलं का". कुणीच काही केलं नव्हतं, हे तिला कसं सांगायचं तेच कळायचं नाही.

सुटका कशी झाली तर, शाळेचे शिपाईकाका आजारी होते आणि बाईंनी मधल्या सुट्टीची घंटा वाजवायचं काम मला दिलं. पितळेचा टोल आणि लाकडी हातोडी. टोल द्यायला भाषा लागत नाही. मी टोल दिला की सगळी शाळा पळत सुटायची! तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका मुलीने "मला दे ना" असं गुजरातीत म्हटलं आणि मी गुजरातीतच "नहीं आपुं" म्हणाले. माझं पहिलं गुजराती वाक्य हे भांडणाचं होतं.

मोठ्याला असं काही काम मिळेल का बघ. फळा पुसणं, वह्या गोळा करणं, काहीही. आणि हो, आई खोटं हसायची ते मला कळायचं.

---

सीमेवरचा | ९ जुलै, सकाळी ७:३०

मोठ्यासाठी एक सुचतंय. तो मराठी माध्यमातला, म्हणजे बाराखडी पाठ असणार. कन्नडचा कागुणित म्हणजे तीच बाराखडी. क का कि की, क्रम तोच, चाल जवळजवळ तीच. फरक एवढाच की ए दोन आणि ओ दोन, एक आखूड एक लांब. अक्षरं गोल आहेत म्हणून परकी वाटतात. एका कागदावर डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड लिहून भिंतीला लावा. त्याच्या वर्गातल्या हिंदी, इंग्रजी घरातल्या मुलांना "ळ" म्हणता येत नाही. ह्याला येतो. हे त्याला सांगू नका, त्याचं त्याला कळू दे.

---

गोदाकाठ | १३ जुलै २०२५, रात्री १०:१५

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, रोज लिहायला वेळ झाला नाही.

सहा शब्द शिकवले. मावशींना जाऊन भेटले. चिंचगूळने फोनवर कन्नड वाक्य पाठ करून घेतलं होतं, ते अर्ध्यात विसरले आणि कुत्र्याचा तक्ता दाखवून "नायि इल्ला, नीरु बेकु" एवढंच म्हणाले. त्यांनी डोक्याला हात लावला आणि इतक्या हसल्या की तिकडून टीचर आल्या. आता धाकटीला बघितलं की मावशी स्वतःच "नीरु?" विचारतात. अंथरूण या आठवड्यात एकदाच.

पाळणाघर बदललं. आधीच्या ठिकाणी दुपारी तीन ते सहा टीव्ही चालू असतो हे मला एक दिवस लवकर गेल्यामुळे कळलं. ऑफिसचा खरंच एका ठिकाणाशी करार निघाला, डबी, तुला साष्टांग. सहा वर्षांपर्यंतच घेतात, त्यामुळे धाकटी तिथे आणि मोठा आमच्या सोसायटीतल्या एका आजींकडे. दोन ठिकाणी उचलायला जावं लागतं, पण चालेल.

ईमेल पाठवली. दोन आठवडे पावणेदहा मंजूर, पण सकाळची मीटिंग काही हलली नाही. ती मी बसस्टॉपवर म्यूट करून ऐकते. परवा म्यूट करायचं राहिलं आणि अख्ख्या टीमने "शाळा, मग बस, मग भात, मग झोप, मग खाऊ, मग आई" ऐकलं.

मोठ्याचं मात्र काही खरं नाही. शनिवारी हौसेने त्याच्या वर्गातल्या एका मुलाला घरी बोलावलं. तो मुलगा दोन तास इंग्रजीत एकटाच बोलला, आमचा त्याचे ट्रक रंगाप्रमाणे लावत बसला. तो गेल्यावर म्हणाला, "पुन्हा बोलवू नकोस." रविवार आहे. पोट दुखतंय. मंगळवारी डॉक्टरांनी तपासलं, पोट ठणठणीत.

---

पाटीपेन्सिल | १४ जुलै, सकाळी ९:३०

त्याचं उशिराच होणार. धाकटीला पाणी मिळत नव्हतं, त्याचा मान गेलाय. तो सहा शब्दांनी परत येत नाही.

दोन तास फार झाले. अर्धा तास, आणि बोलावं लागणार नाही असं काहीतरी. चेंडू, कॅरम, सायकल.

---

चिंचगूळ | १४ जुलै, दुपारी २:००

आणि त्याला मराठी पुस्तकं देणं थांबवू नकोस. इथे लोक काळजीने सांगतील की घरी इंग्रजी बोला म्हणजे लवकर येईल. आम्ही ते ऐकलं होतं. इंग्रजी यायचं तेव्हाच आलं, मुलीचं मराठी मात्र आता आजीशी "आजी, मी खाल्लं जेवण" असं झालंय. गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत घेऊन ये दोघांना.

---

गोदाकाठ | ३१ ऑगस्ट २०२५, रात्री ९:५०

धागा वर काढते. गणपती झाले, आमचा दीड दिवसाचा. नवरा आला होता.

मोठ्याला कन्नडच्या चाचणीत वीसपैकी तीन मिळाले. पेपर माझ्यासमोर ठेवून चेहरा बघत उभा राहिला. केळीचं पान, तुझं ते खोटं हसण्याचं वाक्य आठवलं आणि मी हसले नाही. म्हटलं, "मला तर तीनही मिळाले नसते." मग भिंतीवरच्या तक्त्यासमोर (सीमेवरचा, लावला होता, महिनाभर त्याने ढुंकून बघितलं नाही) मी उभी राहिले आणि चुकीचं वाचायला लागले. खोटंखोटं नाही, मला खरंच येत नव्हतं. "च"च्या जागी "ज" वाचलं. त्याला राहवेना. "आई, तो च आहे. क ख ग घ नंतर च येतो ना, एवढं पण कळत नाही?" एवढं म्हणून थांबला. तक्त्याकडे बघितलं. डावीकडची ओळ, उजवीकडची ओळ, बोटाने पुन्हा डावीकडची. "हे आपलंच आहे की," म्हणाला. जरा रागानेच, जसं काही इतके दिवस कुणीतरी लपवून ठेवलं होतं.

आता रोज रात्री दहा मिनिटं तो मला कन्नड शिकवतो. वहीत मला लाल पेनाने चुका काढून देतो. परवा दहापैकी चार दिले.

रविवारचं पोट अजून दुखतं. पण पावणेदहाला दुखायला लागलंय, आणि गेल्या रविवारी क्रिकेट चालू होतं म्हणून आठवलंच नाही.

अवांतर: यलो लाइन मेट्रो याच महिन्यात सुरू झाली, त्यामुळे सिल्क बोर्डाच्या चौकात रोज जाणारा माझा पाऊण तास सुटला. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यावर याचा काय परिणाम होतो यावर कुणीतरी लेख लिहा.

---

उंबराचं_फूल | १ सप्टेंबर, सकाळी १०:२०

दहापैकी चार! कडक मास्तर आहेत.

---

स्पष्टवक्ता | १ सप्टेंबर, दुपारी १२:४०

माझा नातू ठाण्याहून चेन्नईला चाललाय. हा धागा सुनेला पाठवला आहे. माझे प्रतिसाद वगळून वाच म्हटलं.

---

गोदाकाठ | २ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१५

बहुतेक शेवटचं अपडेट.

सुट्ट्यांचा घोळ कुणीच सांगितला नव्हता, नवीन येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. इथे मोठी सुट्टी दसऱ्याला. आम्ही हौसेने नाशिकला गेलो तर तिकडच्या भावंडांच्या शाळा चालू, दिवसभर आमची दोघं अंगणात एकटी. दिवाळीत ती सगळी मोकळी आणि आम्हाला जेमतेम तीन दिवस. मोठा जुन्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आला. बाईंनी आत बोलावलं, वर्गात बसवलं. परत आल्यावर दोन दिवस पुन्हा गप्प होता. मला वाटलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तसं झालं नाही, पण ते दोन दिवस वाईट गेले.

काल राज्योत्सव. १९५६ साली १ नोव्हेंबरला इथलं राज्य झालं, आपला १ मे तसा. शाळेत सगळीकडे लाल-पिवळं. दुसरीच्या मुलांनी फळांची नावं सांगायची होती, प्रत्येकाच्या हातात एक फळ. कन्नडच्या मॅडमनी ह्याला केळं दिलं. बाळेहण्णु. आधीच्या दोन मुलांना दिलं होतं म्हणे, ती "बालेहण्णु" म्हणत होती. मॅडम ऐकता ऐकता वैतागल्या आणि त्यांनी वर्गाला विचारलं, नीट कोण म्हणेल. सीमेवरचा, तुमचा ळ कामी आला. मी त्याला आधी काहीच सांगितलं नव्हतं.

स्टेजवर एकच शब्द बोलला. आईबापांच्या गर्दीत मला तो ऐकूसुद्धा आला नाही, समोरच्या बाबांचा फोन मधे आला. घरी येऊन मी विचारलं, "म्हण ना पुन्हा." तर म्हणाला, "तुला येत नाही, तू म्हण, मी तपासतो."

धाकटी आता मावशींना अक्का म्हणते आणि घरी मला "साकु" म्हणून ताट ढकलते. कुत्र्याला अजून घाबरते. सोसायटीतला एक कुत्रा जवळ आला की ओरडते, "नायि नाय! नायि नाय!" वॉचमनकाका एवढे हसतात की तिला हाकलायचं विसरतात. म्हणजे कुत्र्याला.

---

सीमेवरचा | २ नोव्हेंबर, रात्री ९:४०

"नायि नाय". दोन भाषांत मिळून इतकं अचूक वाक्य मी पन्नास वर्षांत बोललो नाही.

---

नवी_पाटी | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

नमस्कार, नवीन आयडी आहे. आम्ही मार्चमध्ये सोलापूरहून हैदराबादला जातोय, मुलगी पाच वर्षांची. पूर्ण धागा वाचला. तेलुगूत "नाय"चा काही अर्थ होतो का?

---

गोदाकाठ | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

ते इथलं कुणीतरी सांगेलच. तोवर बाटली कोणती आहे ते बघून घे.